तीन मिनिटांचा हिरो आणि त्याचा बाप

उंची चाळीस मीटर, वजन पस्तीस हजार टन, रंग चंदेरी-लाल आणि पृथ्वीवर टिकण्याची मुदत फक्त तीन मिनिटं. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की समजायचं, गड्याची बॅटरी संपत आली. अल्ट्रामॅन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना टी-शर्टवरून, गेममधून किंवा ‘शिन अल्ट्रामॅन’ या २०२२ च्या सिनेमातून माहीत असेल. पण मूळ मालिका जपानी टीव्हीवर आली १९६६ साली. तिचे सगळेच्या सगळे ३९ भाग ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत ब्लू-रेवर आले, तेव्हा जगभरच्या फॅन्सनी अक्षरशः सुटकेचा निःश्वास टाकला. ती सुटका कशापासून, ते पुढे येईलच.

एका सीनिअरच्या कृपेने मी तो सेट पाहिला. खरं सांगू? पहिल्या दोन भागांना आम्ही होस्टेलवर पोट धरून हसलो. चित्र इतकं स्वच्छ की हिरोच्या तोंडाजवळच्या रबराच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. विमानं दोरीला लटकलेली आहेत, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पण पाचव्या-सहाव्या भागाला हसू थांबलं. रूममधला एक जण तर पॉज करून बघायला लागला, की ही इमारत कोसळताना आतल्या खोल्यांच्या भिंतीसुद्धा कशा काय दिसतायत? म्हणजे जे दोन सेकंदांत चिरडलं जाणार, त्याच्या आतही कुणीतरी भिंती उभ्या केल्या होत्या!

असली कामं ज्यांच्या देखरेखीखाली व्हायची, त्या माणसाचं नाव एजी त्सुबुराया. अल्ट्रामॅनचे ते निर्माते आणि गॉडझिलाच्या जन्मदात्यांपैकी एक. २०२४ च्या मार्चमध्ये ‘गॉडझिला मायनस वन’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण या खात्याची पायाभरणी करणारा माणूस त्याआधी ५४ वर्षांपूर्वीच गेला होता.

त्यांचं मूळ नाव एइची. जन्म जुलै १९०१ मधला, जपानच्या फुकुशिमा भागातल्या सुकागावा गावचा. घरचा धंदा कोजीचा, म्हणजे साके आणि मिसो बनवायला लागणारा आंबवलेला तांदूळ तयार करण्याचा. पोरगा तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील घरजावई होते, तेही नंतर या घरातून बाहेर पडले. मग मुलाला वाढवलं आजीने आणि मामाने. हा मामा, इचिरो, त्याच्यापेक्षा थोड्याच वर्षांनी मोठा, म्हणजे मामा कमी आणि दादा जास्त. आजी कडक, पण नातवाच्या वेडापुढे नेहमी नमतं घेणारी. आपल्याकडे आजोळी वाढलेल्या पोरांना हे नातं वेगळं समजावून सांगायला नको.

आणि वेड तरी कसलं? विमानाचं. डिसेंबर १९१० मध्ये तोकुगावा आणि हिनो या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी तोक्योच्या योयोगी मैदानावर जपानमधली पहिली विमान उड्डाणं केली. नऊ वर्षांच्या एजीने त्या बातम्या वाचल्या आणि त्याचं डोकंच फिरलं. वर्तमानपत्रातले फोटो बघून तो विमानांची मॉडेल्स बनवायला लागला. ती इतकी हुबेहूब असायची की त्याचं कौतुक वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच सुमारास त्याला सिनेमाचाही नाद लागला. पण पडद्यावरच्या चित्रापेक्षा मागे घरघरणारं प्रोजेक्टर नावाचं यंत्र त्याला जास्त आवडलं. खेळण्यातला प्रोजेक्टर मिळवून त्याने कागदाच्या पट्टीवर काड्यांच्या माणसांची चित्रं काढली आणि स्वतःची फिल्म चालवली. पुढे साठ वर्षं त्याने जे केलं, त्याचं बी इथेच पडलं असं मला वाटतं. फोटो बघून खोटं पण खऱ्यासारखं विमान बनवायचं आणि मग ते हलवून दाखवायचं. बस्स.

पंधराव्या वर्षी हट्ट करून तो तोक्योजवळ हानेदाला नव्याने निघालेल्या विमानशाळेत दाखल झाला. फी भरली मामाने. शाळा कसली, एक विमान आणि एक शिक्षक! १९१७ च्या मे महिन्यात तेच शिक्षक, सेइतारो तामाई, विमान कोसळून गेले. शिक्षकही नाही, विमानही नाही, म्हणून शाळाच बंद पडली. (हानेदा म्हणजे आजचा तोक्योचा तो प्रचंड विमानतळ. तेव्हा तिथे समुद्राकाठची वाळू होती.) एजीचं वैमानिक होणं तिथेच संपलं.

मग आपण सगळे करतो तेच त्याने केलं, इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेतली. कांदा भागातल्या इलेक्ट्रिकल शाळेत शिकता शिकता खर्चासाठी एका खेळण्यांच्या कंपनीत पार्टटाइम नोकरी धरली आणि नवनवीन खेळणी शोधून काढायला लागला. पायाने ढकलायची एक स्कूटर त्याच्या नावावर सांगितली जाते. ती चांगली खपली, हातात पैसे आले, म्हणून १९१९ च्या वसंतात त्याने कामावरच्या दोस्तांना चेरीचा बहर बघायला आसुकायामाला नेलं. खाणं-पिणं रंगात आलं आणि शेजारच्या टोळक्याशी भांडण जुंपलं. ते टोळकं होतं सिनेमावाल्यांचं. भांडण सोडवता सोडवता योशिरो एदामासा नावाच्या सिनेमावाल्याशी ओळख झाली आणि एदामासाने त्याला कंपनीत बोलावलं. प्लेसमेंट सेलच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी या प्रसंगाची नोंद घ्यावी.

मध्ये सक्तीची लष्करी सेवा झाली. परत आल्यावर घरच्यांना वाटलं, झालं आता, पोरगा कोजीच्या धंद्यात बसेल. पोरगा पुन्हा सिनेमाकडे निघून गेला. १९२६ साली ‘अ पेज ऑफ मॅडनेस’ या आज अभ्यासक्रमात असलेल्या मूकपटावर तो सहायक कॅमेरामन होता. पुढच्या वर्षी स्वतंत्र कॅमेरामन झाला.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं, कारण आता ते त्सुबुराया-सान होतात. त्यांचे सहकारी मात्र त्यांना ‘धूरवाले त्सुबुराया’ म्हणायचे. सेटवर सारखा धूर सोडून ते दृश्याला खोली द्यायचे म्हणून. कॅमेऱ्यासाठी त्यांनी स्वतः लाकडी क्रेन बनवली. ती एकदा कोसळली आणि त्सुबुराया जखमी झाले. सेट बघायला आलेली एक मुलगी त्यांची विचारपूस करायला पुढे झाली, असं सांगतात. तिचं नाव मासानो. १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे हाजिमे, नोबोरू आणि आकिरा असे तीन मुलगे. पहिल्या दोघांची नावं लक्षात ठेवा.

१९३३ मध्ये जपानमध्ये ‘किंग काँग’ लागला. त्सुबुरायांनी तो नुसता पाहिला नाही, त्याची प्रिंट मिळवून एकेक फ्रेम तपासली. कुठे बाहुली आहे, कुठे मागे पडदा आहे, कुठे दोन फिल्म एकत्र छापल्यात, असा हिशेब. आज आपण यूट्यूबवर ‘ब्रेकडाऊन’ बघतो, तो त्यांनी स्वतःच स्वतःसाठी तयार केला. त्या काळच्या जपानी स्टुडिओंत याला काही किंमत नव्हती. १९३७ मध्ये तोहो कंपनीत त्यांना स्पेशल इफेक्ट्सचं स्वतंत्र खातं मिळालं. सुरुवातीला त्या खात्यात माणसं म्हणजे जवळपास ते एकटेच!

आणि आता तो भाग, जो फॅन पेजवर फारसा सापडत नाही.

या खात्याला खरं काम आणि खरा पैसा मिळाला तो युद्धामुळे. डिसेंबर १९४२ मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला वर्ष होत असताना, नौदलाच्या पाठिंब्याने ‘हवाई ते मलाया’च्या समुद्री लढाईवरचा सिनेमा आला. अख्खं पर्ल हार्बर त्सुबुरायांनी स्टुडिओच्या आवारात छोट्या आकारात उभं केलं. डोंगर, धक्के, पाण्यात उभी जहाजं, वर तारांवरून झेपावणारी विमानं. गंमत म्हणजे सिनेमा नौदलालाच हवा होता, पण गुपित म्हणून जहाजांची नीट माहिती द्यायला तेच तयार नव्हते. पुन्हा फोटो बघून मॉडेल बनवणं आलं, लहानपणासारखं. सिनेमा तुफान चालला. युद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांना त्यातली दृश्यं खऱ्या हल्ल्याची वाटली, ही कथा आजही सांगितली जाते.

तो प्रचारपट होता, यात काही शंका नाही. तो बघून किती कोवळी पोरं विमानात बसायला गेली असतील, कोण जाणे. ज्याला स्वतःला विमान उडवायचं होतं त्यानेच इतरांना विमानाचं असलं स्वप्न दाखवावं, हे मला पचायला जड जातं. त्यांच्यावर सक्ती होती, पोटाचा प्रश्न होता, तंत्रज्ञ होते, नेते नव्हते, हे सगळं खरं. तरीही. एखाद्या माणसावर फीचर लिहायला घेतलं की तो आवडायला लागतो आणि मग अशा पानावर अडखळायला होतं.

अमेरिकी ताबा-प्रशासनालाही हेच खटकलं. युद्धकाळातल्या कामामुळे १९४८ मध्ये त्सुबुराया तोहोच्या बाहेर गेले. वय ४७, घरात बायको-मुलं, आणि मोठ्या स्टुडिओची दारं बंद. त्यांनी घराच्या आवारातच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि मिळतील ती इफेक्ट्सची कामं केली. १९४९ साली आलेल्या, अदृश्य माणसावरच्या एका सिनेमाचे इफेक्ट्स त्यांचेच. १९५२ मध्ये बंदी पूर्ण उठली आणि ते तोहोत परतले.

१९५४ च्या मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सर्गी राख जपानी मासेमारी बोटीवर पडली. देश हादरला. तोहोचे निर्माते तोमोयुकी तानाका यांनी समुद्रातून उठणाऱ्या राक्षसाचा सिनेमा काढायचं ठरवलं. त्सुबुरायांच्या डोक्यात आधीपासून एक महाकाय ऑक्टोपस होता, तोही आपल्या हिंदी महासागरात जपानी व्हेल-जहाजांवर हल्ला करणारा. ऑक्टोपस मागे पडला, आला गॉडझिला. दिग्दर्शक इशिरो होंडा. युद्धातून परतताना त्यांनी हिरोशिमाचा कोळसा डोळ्यांनी पाहिला होता.

त्सुबुरायांना करायचं होतं ‘किंग काँग’सारखं, म्हणजे बाहुली एकेक फ्रेम हलवून. पण त्या पद्धतीला काही वर्षं लागली असती आणि हातात होते काही महिने. मग जुगाड! माणसालाच राक्षसाच्या कातड्यात घालायचं आणि त्याच्याभोवती पंचविसाव्या हिश्श्याचं तोक्यो बांधायचं. पहिला सूट सुमारे शंभर किलोचा. आत हारुओ नाकाजिमा, वर दिव्यांचा भडका. बिचारा काही पावलं चालला की घामाने निथळायचा, चक्कर येऊन पडायचा. चित्रण मात्र नेहमीपेक्षा जास्त वेगाने करायचं, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ दिसते आणि माणसाचं वजन डोंगराएवढं वाटतं. हे साधं गणित आजही कामाचं आहे. मोबाइलच्या स्लो मोशनवर खेळण्यातली गाडी आपटून बघा.

३ नोव्हेंबर १९५४ ला ‘गॉडझिला’ लागला. युद्ध संपून अवघी नऊ वर्षं झालेली. पडद्यावर जळणारं तोक्यो बघणाऱ्यांपैकी अनेकांनी खरं जळणारं तोक्यो पाहिलेलं होतं. सुमारे ९६ लाख लोकांनी तो पाहिला. ज्या हातांनी बारा वर्षांपूर्वी हल्ल्याचं स्वप्न रंगवलं होतं, त्याच हातांनी हल्ल्याखालचं शहर बांधलं. हिशेब चुकता झाला का? मला नाही ठरवता येत.

पुढची दहा वर्षं तोहोच्या राक्षसपटांची आणि अंतराळपटांची. ‘रोदान’, ‘मोथ्रा’, १९६२ मध्ये तर ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’. या सगळ्या कलेला जपानीत शब्द आहे तोकुसात्सु, आणि त्सुबुराया तिचे देव मानले जाऊ लागले. सेटवर टाय आणि हॅट घालून येणारा, चश्म्याआडून शांतपणे बघणारा, हातात सिगारेट असलेला देव.

या देवाला पैशाचं गणित मात्र काही केल्या जमत नव्हतं. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि अमेरिकेतून ऑप्टिकल प्रिंटर मागवला. दोन-तीन वेगळी चित्रणं एका फिल्मवर बेमालूम छापणारं ते यंत्र तेव्हा जगात मोजक्याच ठिकाणी होतं. किंमत चार कोटी येन. तेवढे पैसे खिशात कुठे होते? ऑर्डर रद्द करायला गेले, तर यंत्र आधीच रवाना झालेलं. थोरला मुलगा हाजिमे टीबीएस या टीव्ही कंपनीत नोकरीला होता. शेवटी टीबीएसने यंत्र घेतलं आणि त्याचा वापर व्हावा म्हणून मालिका करायचं ठरलं. ती ‘अल्ट्रा क्यू’. न परवडणाऱ्या ऑर्डरमधून एक अख्खं विश्व उभं राहिलं, हे घरी सांगू नका, पुढच्या लॅपटॉपच्या वेळी उपयोगी पडेल.

२ जानेवारी १९६६ पासून दर रविवारी संध्याकाळी सात वाजता जपानी घरांत राक्षस यायला लागले. ‘अल्ट्रा क्यू’ ब्लॅक अँड व्हाइट होती. तिच्या पाठोपाठ त्याच वर्षी १७ जुलैला रंगीत ‘अल्ट्रामॅन’ सुरू झाली. कथेचा कणा ओकिनावाहून आलेल्या तेत्सुओ किंजोने रचला, हिरोचं रूप कलाकार तोरू नारिताने घडवलं आणि सूटच्या आत होता सडपातळ बिन फुरुया. त्सुबुरायांकडे देखरेख होती. भाग आवडला नाही तर पुन्हा करायला लावायचे. लहान मुलं बघतायत, तेव्हा रक्तबंबाळ दृश्यं नकोत, हा त्यांचा आग्रह.

टीव्हीचं बजेट आणि सिनेमाचा हट्ट, त्यामुळे जुगाड पुन्हा आलाच. दहाव्या भागातला जिरास नावाचा राक्षस नीट बघा. तो गॉडझिलाच आहे, फक्त गळ्याभोवती झालर लावलीय! अल्ट्रामॅन मारामारीत ती झालर उपटतो तेव्हा समोर चक्क तोहोचा हिरो उभा. तीन मिनिटांच्या मर्यादेने थरार तर वाढतोच, शिवाय महागड्या मारामारीला आपोआप कात्री लागते. आणि छातीवरचा दिवा नुसता रंग बदलत नाही, लुकलुकतो आणि वाजतोही. ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही नव्हता, त्या पोरांनाही कळायला नको का?

पण मालिका केवळ मारामारीची नाही. २३ वा भाग बघाच. जामिला नावाचा राक्षस मुळात माणूस असतो, आपल्याच देशाने अंतराळात वाऱ्यावर सोडलेला अंतराळवीर. तो सूड घ्यायला परत येतो आणि त्याला मारावं लागतं तेव्हा जिंकल्यासारखं वाटत नाही. दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी. आमच्या रूममध्ये तो भाग संपल्यावर कुणी पुढचा लावला नाही, मेसला जायची वेळ झाली तरी सगळे बसून होतो.

देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक घरांत मालिका लागायची. तरीही ती ३९ भागांनंतर, एप्रिल १९६७ मध्ये थांबली, कारण दर आठवड्याला इतकं काम वेळेत पुरं होईना. शेवटच्या भागात अल्ट्रामॅन चक्क हरतो. नंतर ‘अल्ट्रासेव्हन’ आली, आणखी मालिका आल्या. कंपनीचं नाव मोठं होत गेलं आणि कर्जही. त्सुबुरायांची तब्येत ढासळत होती. तरी १९७० च्या ओसाका प्रदर्शनातल्या एका दालनाचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्या मार्चमध्ये प्रदर्शन भरलं, तेव्हा ते नव्हते. २५ जानेवारी १९७० ला इतो इथल्या घरी, झोपेत, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ६८. करायचा राहिलेला एक सिनेमा होता, जपानच्या सुरुवातीच्या विमानवेड्यांवरचा.

कंपनी हाजिमेकडे आली. तीन वर्षांत तोही गेला, ४१ व्या वर्षी. मग नोबोरू. आणि आता ब्लू-रेचा गुंता. थायलंडमधल्या एका निर्मात्याने, ज्याने तरुणपणी जपानमध्ये याच त्सुबुरायांच्या हाताखाली काम शिकलं होतं, नोबोरूच्या मृत्यूनंतर १९७६ च्या तारखेचा एक करार पुढे आणला. जपानबाहेरचे जुन्या अल्ट्रामॅनचे हक्क आपल्याला दिलेत, असा त्याचा दावा. जपानी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये करार वैध धरला, थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये उलट निकाल दिला. तोवर २००७ मध्ये कंपनी कुटुंबाच्या ताब्यातून दुसऱ्यांकडे गेली होती. अखेर कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने २०१७ मध्ये तो कागद खरा नसल्याचं ठरवलं, पुढच्या वर्षी निकाल आला, आणि म्हणून २०१९ मध्ये मिल क्रीक कंपनीने ‘अल्ट्रा क्यू’ आणि ‘अल्ट्रामॅन’ एकाच दिवशी बाजारात आणल्या. फॅन्सचा निःश्वास तो हाच.

त्याच २०१९ च्या जानेवारीत सुकागावात त्सुबुरायांच्या नावाचं संग्रहालय सुरू झालं, २०११ च्या भूकंपानंतर नव्याने उभारलेल्या इमारतीत. गावच्या रस्त्यावर अल्ट्रामॅन आणि त्याचे राक्षस पुतळे होऊन उभे आहेत. आणि गावाला लागून आता एक विमानतळही आहे. फुकुशिमा विमानतळ. उतरलात की टर्मिनलमध्ये तुमच्या स्वागताला अल्ट्रामॅनच असतो.